खारीकचं वजन

घर म्हणजे आता सोळा फूट बाय सात.
दार उघडलं की डावीकडे शेगडी, उजवीकडे पलंग,
आणि मधे, जिथे पाय ठेवायचा
तिथे नेमकी खारीक.

नाव मी ठेवलं.
रंग तसा, कपाळावरच्या सुरकुत्या तशा,
सापडलीही खजुराच्या गोदामामागे, अजमानला.
हे तेव्हा म्हणाले, खायच्या वस्तूचं नाव कुणी कुत्रीला देतं का?
आता तेच पहाटे अंधारात कुजबुजतात,
खारके, चल, ओहोटी लागली.

उम्म अल क्वैनच्या ह्या किनाऱ्यावर सतरा गाड्या, आमची अकरावी.
अकरा आणि बाराला विजेचा खांब एकच.
मी किटली लावली की बाराचा टीव्ही जातो,
मग अबू राशिद दाराशी येऊन खाकरतात
आणि मी किटली काढते.
गुरुवारी त्यांची नातवंडं येतात, गालिचे येतात,
कॉफीच्या वेलचीचा वास आमच्या पडद्यात अडकतो.
खारीक जवळ गेली की ते झगा घोट्यावर उचलून धरतात,
शिवत नाहीत तिला. कधीच नाही.
पण रात्री चांदीच्या कागदाखाली ताट येतं,
भात, मासा, आणि कडेला एक तुकडा वेगळा:
हा बिनमसाल्याचा, म्हणतात,
कुणासाठी ते सांगत नाहीत.

पाणी मंगळवारी, गुल जमानच्या टँकरने.
अंघोळ दोन तांबे, तिसरा विचार करून.
तांदळाच्या धुवणात खारीकचे पाय,
त्यानंतर ते रंगाच्या डब्यातल्या कढीपत्त्याला.

शमाल सुटला की तीन दिवस वरणात कचकच.
छत गुंडाळायचं, खिडक्यांना ओली फडकी लावायची,
आणि आम्ही तिघं त्या सोळा फुटांत,
दोघं न बोलता, एक माझ्या गाऊनमध्ये तोंड खुपसून.
वारा पडला की ती सुटते कुर्ल्यांच्या बिळांकडे.
दोन वर्षांत एकही हाती लागलेली नाही.
रोज मात्र अशी निघते
जशी काल काही झालंच नाही.

एकोणतीस वर्षं ह्यांनी दुसऱ्यांची घरं थंड केली.
मार्चअखेर व्हिसा संपतो.
कणकवलीला दिरांनी दुसरा मजला बघून ठेवलाय,
लिफ्ट आहे, म्हणाले, आणि कुत्र्याचं सोसायटीला विचारावं लागेल.
तिचे कागद आमच्याहून जास्त:
लशीचे, रक्ताचे, मानेतल्या चिपेचे,
आणि एका कागदावर जन्मस्थान. तिथे लिहिलंय: अज्ञात.

वजनकाटा आहे आमच्याकडे, बॅगा तोलायला घेतलेला.
त्याने तोलली दुधाची पावडर, ब्लँकेटं,
नणंदेच्या लग्नाची भांडी,
एका वर्षी सासऱ्यांची घडीची चाकाची खुर्ची.
काल मी खारीकला उचलून त्यावर उभी राहिले.
सदुसष्ट पूर्णांक चार.
तिला खाली ठेवून परत. एकसष्ट.
हे बोटांवर वजाबाकी करत बसले,
जणू आकडा हळू मोजला तर कमी भरेल.

पिंजरा दोन किलो शंभर.
फोनवरचा मुलगा म्हणाला, दोन्ही मिळून आठ,
वरती एक ग्रॅमही नाही, काका.
म्हणजे अर्धा किलो जास्त.

मी म्हटलं, तिचं जेवण कमी करू.
हे काही बोलले नाहीत.
आज गुरुवार. ताट आलं,
बिनमसाल्याचा तुकडा नेहमीपेक्षा मोठा.
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
खाऊ दे, म्हणाले,
आणि पलंगाखालून ड्रिल मशीन ओढून काढलं.

आता अकरा वाजलेत.
बाहेर बल्बखाली पिंजरा मांडीत घेऊन
हे त्याला भोकं पाडताहेत, एकेक, हाताच्या अंतराने,
दर दहा भोकांनी काट्यावर ठेवून बघतात.
ड्रिलने बाराचा टीव्ही गेला असणार.
अबू राशिद आज खाकरायला आले नाहीत.
वाळूवर प्लॅस्टिकचा पांढरा कीस साठतोय
आणि खारीक तो हुंगतेय,
शिंकतेय,
परत हुंगतेय.